अकरा सेकंद

दिवसा मी बर्डीत चष्म्याच्या दुकानात बसते,
रात्री मंडळीचं चॅनल बघते.
दोनशे बारा संदेश. पाहणारे सतरा, नऊ, तेवीस,
त्यातले पाच मीच, आवाज येतो का तपासताना.

मथळे माझ्या आधीच्या पोराने दिलेले:
‘रविवार सकाळ’, ‘रविवार सकाळ नवीन’,
‘रविवार सकाळ फायनल २’.
तो आता पुण्यात असतो.

पाळकसाहेब, हनोख मेश्राम,
मेकोसाबागेतून अजून सायकलने येतात.
म्हणाले, “लोकायले ऐकाचं असन तर येतीन ना बाप्पा.
दार उघडंच हाये.”
मी म्हटलं, दार उघडं आहे साहेब,
पण गल्लीच्या तोंडाशी पाटी नाही.
हसले. कूलरमध्ये पाणी टाकायला गेले.

मग मी बघितलं, लोक काय टाइप करतात.
‘तारणाचा मार्ग’ कोणी लिहीत नाही.
झोप लागत नाही काय करावं, लिहितात.
भावाशी बोलणं बंद आहे.
आईला माफ कसं करायचं.
माणूस मेल्यावर
आणि इथे बोट थांबतं,
पुढचं यंत्रच सुचवतं:
बँक खातं, वारस नोंद, पेन्शन.

तर बदलत गेले मी. ‘दृष्टांतमाला, भाग तीन’ झाला
‘घर सोडून गेलेल्या मुलाची वाट पाहणाऱ्यांसाठी’.
येशू ऱ्हस्व लिहिला, दीर्घ लिहिला,
प्रत्येकाखाली नागपूर लिहिलं.

किचकट काम खालच्या अक्षरांचं.
यंत्र ऐकतं, आणि आपल्या मनाचं लिहितं.
देवाच्या कोकराचा कोपरा,
पश्चात्तापाचा पश्चिम ताप,
आणि जिथे जिथे साहेब म्हणाले करुणा
तिथे तिथे कोरोना.
सात संदेशांखाली सूचना चिकटलेली,
लसीबद्दल खात्रीच्या ठिकाणीच विचारा.

एकटीच हसले. मे महिना, रात्रीचा दीड,
भिंती अजून भट्टीसारख्या.
मग दुरुस्त करत बसले, मागे, पुढे, परत मागे.
लहानपणापासून बाकावर बसून
जे कधी ऐकलं नव्हतं
ते इअरफोन लावून ऐकत गेले.

एकशे अडुसष्टावा. तारीख पाहून आठवलं,
दोर्कसबाईंना माती देऊन पाचवा दिवस.
“सांत्वन म्हणजे,” साहेब म्हणतात,
आणि थांबतात.
कूलरची घरघर. कोणाचं तरी बाळ.
अकरा सेकंद.
मग दुसऱ्याच वाक्याला लागतात,
ते वाक्य तसंच राहून जातं.

यंत्राने तिथे लिहिलं होतं: (संगीत).

खोडायला बोट नेलं होतं मी.
बाकी सगळं नीट केलं, स्वल्पविरामांसकट.
ते ठेवलं.
मथळा दिला: ‘पत्नी गेल्यानंतरचा पहिला रविवार’.
साहेबांना विचारलं नाही.

पंधरा दिवसांनी आकड्यांत एक माणूस दिसला.
पहाटे तीन वाजून दहा मिनिटं. टाइप केलेलं:
पत्नी वारल्यानंतर जेवण कसं करावं.
कसं रांधावं की कसं गिळावं,
यंत्राला कळलं नसेल. मलाही नाही.
पण त्याला आमच्याकडे आणून सोडलं त्याने.
आलेखाची रेघ सरळ चाललेली,
अकरा सेकंदांपाशी उंचवटा:
मागे गेला होता तो. तिथेच. तीनदा.

रविवारी उपासनेनंतर साहेबांना दाखवलं.
सायकलचं कुलूप हातात, बराच वेळ स्क्रीनकडे पाहत राहिले.
“कोन होता?”
नाव नाही दिसत, साहेब. वेळ दिसते फक्त.
“पयले भात लावाले शिक म्हना त्याले.
एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पानी.
मले तेच येत नव्हतं.”

त्या रात्री संदेशाच्या माहितीत,
नागपूर या शब्दाच्या वर,
मी वाट्यांचं माप लिहून टाकलं.